वाऱ्यावर सोडणे

"पाय काढा, ताई."

जयवंत हे दुसऱ्यांदा म्हणाला. पहिल्यांदा तो ओरडला होता, ते निम्मं वाऱ्यातच वाहून गेलं. आता त्याचा आवाज खाली आला होता आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

मी त्याच्या पॅराग्लायडरच्या पंखावर उभी होते. चपला घालून, दोन्ही पाय रोवून. पंख म्हणजे काय, तर पातळ कापड. वाळूवर पसरलेलं, निळं, आणि दोऱ्यांच्या जुडग्यानं त्याच्या अंगावरच्या पट्ट्यांना जोडलेलं. त्यात वारा शिरला की ते फुगून डोक्यावर उभं राहतं आणि माणसाला उचलतं. त्या कापडावर चुकूनसुद्धा पाय द्यायचा नाही, हे शिरगळच्या टेकाडावर येणाऱ्या प्रत्येकाला मीच पहिल्या दिवशी बजावायची. जयवंतलाही मीच बजावलं होतं.

"नाही काढणार," मी म्हटलं.

"बाबा तिकडे आहेत." त्यानं समुद्राकडे हात केला. "माझो बापूस थंय आसा, ताई."

माझ्याशी तो एरवी शाळेतल्यासारखं शुद्ध बोलायचा. त्याची मालवणी सुटली तेव्हा मला कळलं की आता तो फार वेळ ऐकणार नाही.

या गोष्टीला वीसेक वर्षं होऊन गेली. मी तेव्हा तालुक्याच्या शाळेत भूगोल शिकवत होते आणि सुट्ट्यांमध्ये शिरगळला उडत होते. खाडीच्या तोंडाशी वसलेलं गाबितांचं, म्हणजे मासेमारांचं गाव. गावाच्या उत्तरेला समुद्राला लागून वाळूचं लांबच लांब टेकाड. त्याच्या समुद्राकडच्या उतारावर मर्यादवेल पसरलेली आणि मागे सुरूचं बन. समुद्रावरून येणारा वारा त्या उतारावर आपटतो आणि वर चढतो. त्या चढत्या वाऱ्यावर पंख घेऊन अख्खी दुपार तरंगता येतं. टेकाडाच्या उत्तर टोकाला काळे खडक पाण्यात शिरले आहेत. ओहोटीला त्यांच्या पाठी उघड्या पडतात, म्हणून गावात त्यांना म्हशी म्हणतात.

सुरुवातीला आम्हाला नियम असे काही नव्हतेच. पुण्या-मुंबईची आणि आमच्या तालुक्यातली आठ-दहा डोकी जमायची, वारा चेहऱ्यावर घेऊन अंदाज करायची आणि उडायची. अनंत लिमये हा आमच्यातला सगळ्यांत अनुभवी. मला उडायला त्यानंच शिकवलं. एका मे महिन्यात वारा चढलेला असताना तो उडाला. वर गेला, पण पुढे जाईना. जागच्या जागी टांगल्यासारखा झाला आणि मग हळूहळू मागे सरकायला लागला. टेकाड ओलांडून गेलेला वारा मागच्या बाजूला सरळ वाहत नाही. तो ताकासारखा घुसळतो आणि वरून खाली आपटतो. अनंतचा पंख त्या वाऱ्यात गेला, मिटला, आणि तो सुरूच्या बनात कोसळला. झोळी करून त्याला रस्त्यापर्यंत आणणाऱ्यांत जयवंत होता. तो तेव्हा उडत नव्हता, बापाबरोबर खाडीत जाळं टाकत होता. अनंत झोळीतच गेला.

गावानं टेकाड बंद केलं. पुढे बऱ्याच बैठका झाल्या, आणि मग नियम झाले. वारा ठरलेल्या वेगापुढे गेला की लाल झेंडा. लाल झेंड्यात कुणीही उडायचं नाही, मग तो कितीही जुनाजाणता असो. एकट्यानं उडायचं नाही. वळायचं ते समुद्राच्या अंगाला, टेकाडाकडे कधीच नाही. मर्यादवेल तुडवायची नाही, कासवाच्या घरट्यांजवळ उतरायचं नाही. आणि झेंडा कुठला लावायचा हे त्या दिवशीचा प्रमुख ठरवील. त्याच्याशी वाद घालायचा तर खाली उतरून, टेकाडावर नाही. बहुतेक दिवशी प्रमुख मीच असायची.

जयवंत नंतर आमच्याकडे शिकायला आला. गावातला उडणारा तो पहिलाच. त्याला वाऱ्याची उपजत जाण होती. आम्ही यंत्र धरून वाऱ्याचा वेग बघायचो, तो पाण्याचा रंग बघून सांगायचा आणि सहसा बरोबर असायचा. दोन हंगामांत तो इतका तयार झाला की पर्यटकांना पुढे बसवून जोडीनं उडवायची परवानगी मी त्याला दिली. त्याचे वडील, गोपाळ सारंग, खाडीवरून टेकाडाकडे बघत हसायचे. मला एकदा म्हणाले होते, "दर्यात मासो गावना नाय म्हणान आमचो झील वर शोधूक लागलो, ताईनु."

त्या दिवशी हंगाम संपत आला होता. मे संपायला आलेला, समुद्र गढूळ व्हायला लागलेला. सकाळी चांगलं उडणं झालं. दुपारी नैऋत्येचा वारा जोर धरायला लागला तसा मी लाल झेंडा लावला. मंडळी पंख घड्या करून पिशव्यांत भरून गेली. जास्त वारा सोसणारे दोन हँग ग्लायडर आमच्याकडे होते, ते आदल्या आठवड्यातच गाडीवर बांधून पुण्याला गेले होते. टेकाडावर मी आणि जयवंत, दोघंच राहिलो. वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा ताठ आडवा झाला होता.

दामू मेतर खाडीच्या बाजूनं वाळूतून पळत येताना दिसला. तो गोपाळ सारंगांचा भागीदार. अंगात नुसती चड्डी, गुडघा सोललेला. वर येऊन तो खालीच बसला.

"होडी उलाटली," तो म्हणाला. "खाडीच्या तोंडार. लाट इली आणि…"

"बाबा?" जयवंतनं विचारलं.

"माज्या वांगडा होतो. होडयेची कड लागली पायाक. पाय हलना नाय. रिकामो कॅन दिलंय तेंका, कमराक बांदून घेतल्यानी. माका म्हणाले, तू जा. मी जातंय म्हणालंय नाय रे जयवंता, तेंनीच…"

खाडीतून दोन होड्या बाहेर पडायचा प्रयत्न करत होत्या. टेकाडावरून आम्हाला ते दिसत होतं. तोंडाशी लाटा उभ्या राहून फुटत होत्या. पहिली होडी आडवी झाली, कशीबशी सरळ झाली आणि मागे फिरली. दुसरी तिथवर पोचलीच नाही. पोलिसांना फोन गेला होता, त्यांची मोठी बोट दुसऱ्या बंदरावरून निघणार होती. यायला वेळ लागणार होता.

दुर्बीण माझ्या गळ्यात होती. मी तिच्यातून बघत राहिले. पांढऱ्या फेसाशिवाय काही दिसत नव्हतं. समुद्र असा झाला की माणसाचं डोकं आणि लाटेची सावली यांत फरक करता येत नाही. मी दुर्बीण खाली केली तर जयवंत पिशवीतून पंख बाहेर काढत होता.

"काय करतोयस?"

"वर जातो. वरून दिसतील. तुम्ही वायरलेस घेऊन बसा, मी सांगतो कुठे आहेत ते. आणि ही नेतो." त्यानं पर्यटकांसाठी ठेवलेली हवेची ट्यूब उचलली. टायरच्या आतली असते तशी, फुगवलेली. "वरून टाकतो जवळ."

मी वाऱ्याचं यंत्र वर धरलं. आकडा आमच्या मर्यादेच्या खूप पुढे होता आणि झोत आला की आणखी उडी मारत होता.

"जयवंत, पुढे जाणारच नाहीस. पंखाचा वेग तेवढा नाही. टांगून राहशील, आणि मग मागे."

"बाहेर जात नाही. टेकाडाला धरून उत्तरेकडे सरकतो, म्हशींपर्यंत. वारा तिरका आहे, जमेल."

"आणि झोत आला तर?"

"तर येऊ दे."

खरं सांगायचं तर ते अगदीच अशक्य नव्हतं. त्याच्यासारखा हात असेल, नशीब असेल, तर शंभरात काही वेळा माणूस तसं सरकून जाईलही. ते मला दिसत होतं, म्हणूनच मी बोलण्यात वेळ घालवला नाही. त्यानं पट्टे अंगावर चढवले, दोऱ्या सोडवल्या, कापड पसरलं, आणि मी जाऊन त्यावर उभी राहिले.

तर असे आम्ही दोघं. तो दोऱ्या हातात धरून, मी त्याच्या पंखावर.

"ताई, माका तुमका ढकलूक लावू नका."

"ढकल. मी पुन्हा येऊन उभी राहीन."

"अनंत लिमयांना मी उचललंय. मला काय होतं ते माहीत आहे. तरी म्हणतो, सोडा मला."

"तुला माहीत आहे म्हणूनच—"

"तुमचा बाप असता तर?"

मी पाय काढले नाहीत, एवढंच. त्यानं दोऱ्यांना एक हिसका दिला. माझ्या पायाखालचं कापड थरथरलं, कडा वाऱ्यानं फडफडायला लागल्या. त्यानं आणखी जोर लावला असता तर मी पडले असते. त्यानं लावला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वाऱ्यानंही असेल.

तेवढ्यात त्याची आई वर आली.

शेवंतीकाकी. बारीक, काळीसावळी बाई. नऊवारी कासोट्यात खोचलेली, वाळूतून चढूनही जराही धाप न लागलेली. गावातल्या दोघीतिघी तिच्यामागून येत होत्या, त्यांचं रडणं वाऱ्यावर तुटक तुटक ऐकू येत होतं. ती रडत नव्हती. टेकाडाच्या माथ्यावर आमच्यापासून चार हातांवर ती थांबली आणि कपाळावर आडवा हात धरून समुद्राकडे बघत राहिली. खाडीपासून सुरुवात करून तिची नजर हळूहळू उत्तरेकडे गेली. तिथं थोडी थांबली. मग तिनं आमच्याकडे पाहिलं. निळ्या कापडाकडे, माझ्या पायांकडे आणि पट्टे बांधलेल्या मुलाकडे.

मी म्हणाले, "काकी, वारा फार आहे. याला वर जाऊ देता येणार नाही. हा निर्णय माझा आहे."

जयवंतनं माझ्याकडे पाहिलंच नाही. "आये, तू सांग. वरसून बाबा दिसतले माका. ताईंका सांग सोडूक."

तिनं पुन्हा एकदा उत्तरेकडे पाहिलं.

"आये, बाबा थंय आसत!"

"माका म्हायत आसा," ती म्हणाली.

"मगे सांग!"

"काकी, त्याला तुम्ही काही सांगू नका," मी घाईघाईनं म्हटलं. "झेंडा मी लावलाय. माझ्यावर—"

"उडाचा नाय," ती म्हणाली.

जयवंतला ऐकू आलं नाही, किंवा आलं तरी पटलं नाही. "काय?"

"उडाचा नाय, जयवंता. सोड ता. दोर घी आणि म्हशींकडे पळ. सगळ्यांका घेवन जा."

"तू सांगतंस? तू?"

"हय. मिया सांगतंय."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग छातीवरचे पट्टे खाडखाड सोडले, पंख तिथंच टाकला, हवेची ट्यूब उचलली आणि उतारावरून उड्या टाकत उत्तरेकडे पळत सुटला. मी कापडावरून उतरले. कापड वाऱ्यानं उचललं आणि सुरूच्या बनात जाऊन एका झाडाला गुंडाळलं गेलं. ते काढायला कुणी गेलं नाही.

मी वायरलेस आणि दुर्बीण घेऊन माथ्यावरच राहिले. खाली गावची माणसं दोर घेऊन म्हशींजवळ जमली. खडकांवर पाय ठेवायची सोय नव्हती. लाट आली की खडक दिसेनासे व्हायचे. जयवंत कमरेला दोर बांधून दोनदा पाण्यात शिरला आणि दोन्ही वेळा लोकांनी त्याला ओढून काढलं. वाळूवरून समोरच्या लाटेपलीकडचं काही दिसत नव्हतं. शेवंतीकाकी माझ्याजवळून हलली नाही. मी एकदा तिच्या खांद्यावर हात ठेवला, तर तिला कळलंही नसावं.

उशिरानं पोलिसांची बोट आली. काकी खाली उतरून तडक धक्क्यावर गेली आणि बोटीवरच्या माणसाला सांगायला लागली, "म्हशींच्या भायर बगा. आदी थंय बगा."

तो भला माणूस होता, पण घाईत होता. "मावशी, ओहोटी चालू आहे. पाणी खाडीतून बाहेर खेचतंय. माणूस बाहेर गेला असणार." दामूही तेच म्हणत होता. बोट आधी पश्चिमेला, खोल पाण्यात गेली. म्हशींकडे वळली तेव्हा उजेड सरत आला होता आणि त्या लाटांत खडकांजवळ बोट नेणं त्यांना शक्य नव्हतं.

गोपाळ सारंग दुसऱ्या दिवशी सकाळी सापडले. म्हशींच्या आतल्या अंगाला, वाळूवर. कॅन कमरेला तसाच होता. गाठ सुटली नव्हती. गावातल्या जाणत्यांनी अंग बघून सांगितलं की ते पाण्यात बराच वेळ तगले होते; खडकांवर आपटले नसते तर कदाचित आणखीही तगले असते. हे जयवंतसमोर कुणी बोलायला नको होतं. पण बोललं गेलं.

दिवसकार्य झाल्यावर मी त्याला भेटायला गेले. तो आईशी बोलेनासा झालाय हे माझ्या कानावर आलं होतं. तो घरापुढच्या खळ्यात, अंगणात बसला होता. डोक्यावरचे केस काढलेले, एकदम लहान पोरासारखा दिसत होता.

मी म्हटलं, "तुला रागवायचं असेल तर माझ्यावर रागव. पंखावर मी उभी होते."

"तुम्ही नियम पाळलात, ताई." तो पुन्हा शुद्ध बोलत होता. "तुमचं काम होतं ते. माझा तुमच्यावर राग नाही."

"मग आईवर का? तुम्ही तिघं एका घरातले—"

"तुम्हाला तो माणूस कोण होता? कोणी नाही. तिचा नवरा होता." तो घराच्या दाराकडे बघत होता. आत काकी चुलीशी वाकलेली दिसत होती. तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तो म्हणाला, "एका शब्दानं सुद्धा ती म्हणाली नाही, की जा, बघ."

पुढच्या हंगामात तो उडायला आला नाही. गोव्याला गेला, तिथून बोटीवर नोकरी धरली आणि मग देशोदेशी फिरत राहिला. लग्नही तिकडेच केलं. वर्षा-दोन वर्षांनी गावात यायचा तो चुलत्याकडे उतरायचा. आईला भेटायचा, पण उंबऱ्याच्या बाहेरून. काकीनं कुणाकडे तक्रार केली नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "बरो आसा. खावन-पिवन सुखी आसा."

मी तिच्याकडे जात राहिले. काय म्हणून जात होते ते मला नीट सांगता येणार नाही. टेकाडावर गेले की परतीच्या वाटेवर तिचं घर लागायचं. ती काळा चहा द्यायची, आम्ही पडवीत बसायचो. उडण्याचं ती कधी काही विचारायची नाही. मात्र लाल झेंडा लागलेल्या दिवशी मी लवकर खाली आले की म्हणायची, "बरा झाला. आज वारो वायट आसा."

अशीच काही वर्षं गेली. एकदा मी गेले तेव्हा ती पडवीत आडाळीवर, म्हणजे विळीवर, तिसऱ्या फोडत बसली होती. शिंपला उघडायचा, अर्धा टाकायचा, मांस असलेला अर्धा ताटात ठेवायचा. हात चालू ठेवूनच, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "ताईनु, एक सांगीन. तुमच्याकडेच ऱ्हवांदे."

"सांगा की."

"त्या दिसाक माका ते दिसलेले."

मला आधी कळलंच नाही. "कोण?"

"जयवंताचे बापूस. म्हशींच्या भायर. काळा काळा वर येय, खाली जाय. मिया म्हटलंय लाकूड असात. मगे हात वर केल्यानी."

माझ्या गळ्यात दुर्बीण होती आणि मला दिसलं नव्हतं. तिला नुसत्या डोळ्यांनी दिसलं होतं. नवऱ्याचा हात तिनं ओळखला होता.

"मग तुम्ही—"

"काय सांगतलंय? झिलान पट्टे बांदलेले. तुम्ही उभ्या होतास खऱ्या, पण थंय बापूस हात हलयता म्हणान कळल्यार तुमका ढकलून तो गेलोच असतो. तो काय थांबतलो?" तिनं एक तिसरी फोडली. "एक दर्यात होतो. दुसऱ्याक वाऱ्यार खंयसून सोडू?"

"काकी, हे त्याला सांगायला हवं. तो काय समजून बसलाय तुम्हाला माहीत आहे ना? त्याला वाटतं तुम्ही त्यांचा विचारच केला नाही."

"नाय." तिनं पहिल्यांदाच हात थांबवला. "माज्या जिवात जीव आसा तवसर तेका सांगूचा नाय. सांगितल्यार तो म्हणतलो, दिसलो आणि तरी सोडलंस? मगे तो हयसर कदीच येवचो नाय. आता रागान तरी येता. उंबऱ्याभायर उभो ऱ्हवता, पण उभो तरी ऱ्हवता."

मी शब्द दिला. तेव्हा मला वाटलं, हे फार दिवस चालणार नाही, एक ना एक दिवस तीच त्याला सांगेल, किंवा त्याचा राग वयाबरोबर निवेल. दोन्ही झालं नाही. काकी मागच्या वर्षी गेली. ताप आला, दोन दिवस अंथरुणावर होती, आणि गेली. जयवंत कुठल्याशा बंदरात होता. तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं.

तेराव्यानंतर तो माझ्याकडे आला. मी निवृत्त होऊन तालुक्याच्या गावातच राहते. तो चाळिशीच्या पुढे गेलेला, दाढी पिकलेली. खुर्चीवर बसला आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. बोटीवरचं जेवण, मुलीची शाळा. आम्ही आता टेकाडावर काय करतो ते त्यानं विचारलं. मी सांगितलं, मी उडत नाही, पण नव्या पोरांना नियम सांगायला अजून जाते.

"लाल झेंड्याला कुणी वाद घालतं?"

"घालतात. खाली उतरून."

तो किंचित हसला. मग हातातला पेला खाली ठेवून म्हणाला, "ताई, मला तुम्हाला एक सांगायचं होतं. खरं म्हणजे तिला सांगायचं होतं. ते राहिलं."

मी खुर्ची त्याच्या जवळ ओढली.

"त्या दिवशी आये 'उडाचा नाय' म्हणाली ना, तेव्हा मला हायसं वाटलं."

तो जमिनीकडे बघत होता.

"मला भीती वाटत होती. लिमये माझ्या डोळ्यांसमोर होते सारखे. तुम्ही पंखावर उभ्या राहिलात तेव्हाच मला सुटल्यासारखं झालं होतं. पण तुमच्याशी भांडता येत होतं, म्हणून भांडत राहिलो. मग तिला विचारलं. मला वाटलं, ती 'जा' म्हणेल. आणि ती 'नको' म्हणाली आणि माझ्या अंगातलं सगळं एकदम सैल झालं. बापूस पाण्यात, आणि मला बरं वाटलं." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "ते तिनं पाहिलं असं मला वाटत राहिलं. तिच्या समोर उभं राहिलं की तेच आठवायचं. तिच्यावरचा राग नव्हता तो, ताई. पण तिला तसंच वाटत गेलं असणार."

"तिला तसंच वाटत होतं," मी म्हणाले. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

तो मान हलवत राहिला.

आता मला बांधून ठेवणारं काही उरलं नव्हतं. तरी मी आधी उठून आत गेले, पाणी प्याले, पुन्हा येऊन बसले. सांगून काय होईल याचा मला अंदाज येत नव्हता. कदाचित त्याचं ओझं वाढेल. पण ती गेली होती, आणि तिनं काय केलं हे या जगात माझ्याशिवाय आणखी एका माणसाला तरी कळायला हवं होतं. त्या माणसानं ते माझ्याच तोंडून ऐकायचं होतं. मी सांगितलं. पडवी, तिसऱ्या, काळं काळं वर येणारं, वर केलेला हात. तिचे शब्द मी तिच्याच बोलीत सांगितले, जसे आठवत होते तसे.

तो रडला नाही, रागावलाही नाही. बाहेर रस्त्यावरून एक एसटी गेली आणि खिडकीच्या काचा वाजल्या. मग त्यानं विचारलं, "आपण भांडत होतो तेव्हा ती बघत होती?"

"हो."

"आणि आम्ही खाली गेल्यावर?"

"तेव्हाही. बोट येईपर्यंत ती माझ्याजवळच उभी होती, समुद्राकडे बघत."

"म्हणजे ते दिसेनासे झाले, तेसुद्धा तिनं—"

"बहुतेक."

तो काहीतरी पुटपुटला. मग तो पुढे वाकला, आणि त्यानं मला 'ताई' म्हणून हाक मारली, ती पूर्वी टेकाडावर शंका विचारायला मारायचा तशी.

"किती वेळ दिसत होते ते तिला?"

मला ते सांगता आलं नाही. मी तिला विचारलं नव्हतं.